करवीर व मुधोळ येथील श्वानपालन आणि श्वानपैदाशीचे निर्बंध

(१)

कुत्रा हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कित्येक वाचकांच्या मनांत या लेखाचा मथळा पाहतांच येईल. दप्तरांच्या रुमालांत घोडा आहे, हत्ती आहे, उंट व बैलही आहेत. पागेच्या यादींत घोड्याचा रंग, वय, डाग व किंमत अशा बारकाईनें लिहिलेली सांपडते कीं, तें जनावर डोळ्यांपुढें उभें राहावें. कुत्र्याच्या वांट्यास असा कारकून सहसा आला नाहीं. तो राजवाड्याच्या दारीं होता, धनगराच्या वाड्यावर होता, शिकारीच्या छावणींत होता आणि गांवकुसाबाहेरील उकिरड्यावरही होता. परंतु त्याचा जन्म, त्याचें कूळ व त्याचा मृत्यु यांची नोंद ठेवण्याचें कारण कोणास फारसें पडलें नाहीं.

तें कारण अलीकडे पडलें आहे. २३ मे २०१७ रोजीं भारत सरकारनें कुत्र्यांची पैदास व विक्री यांवर निर्बंध घालणारे नियम जाहीर केले. १० मार्च २०२३ रोजीं रस्त्यांवरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नवे नियम निघाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या दोन हुकुमांमुळें हा प्रश्न घरोघर बोलला जाऊं लागला. या चर्चेंत एक समज वारंवार दिसतो. तो असा कीं, पैदाशीचा निर्बंध जितका कडक, तितकें जनावराचें कल्याण अधिक व मोकाट कुत्र्यांची संख्या कमी. हा समज जुन्या व नव्या कागदांच्या कसोटीस कितपत उतरतो, तें पाहण्याचा हेतु मनांत धरून आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहों. विवेचनाचें क्षेत्र म्हणून करवीर व मुधोळ हीं दोन स्थळें घेतलीं आहेत. मुधोळ आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. तथापि घोरपड्यांचें हें संस्थान इंग्रजी अमलांत कोल्हापूर व दक्षिण महाराष्ट्र यांच्या पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालीं होतें, आणि दक्षिणेंत नांवाजलेली जी एक शिकारी कुत्र्याची जात आज टिकून आहे, तिला नांव या गांवानें दिलें आहे.

(२)

पाळीव जनावरांच्या जन्ममृत्यूंत राजसत्तेनें हात घालणें ही गोष्ट आपल्या देशांत नवी नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, म्हणजे राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यानंतरच्या शासनांत, अवध्य प्राण्यांची यादी दिलेली आहे. या यादीपेक्षां तिच्या पुढील कलमें आमच्या विषयास अधिक जवळचीं आहेत. गाभण किंवा दुभती शेळी, मेंढी व डुकरी मारूं नये. त्यांचीं सहा महिन्यांच्या आंतील पिलें मारूं नयेत. कोंबड्याचें खच्चीकरण करूं नये. ठराविक तिथींस बैल, बोकड, एडका व डुक्कर यांचेंही खच्चीकरण करूं नये. मादीची अवस्था, पिलाचें वय आणि खच्चीकरण या तीन बाबींवर आजच्या नियमांची उभारणी आहे, आणि त्या तिन्ही बाबी येथें दिसतात. कुत्र्याचा नांवानें उल्लेख मात्र या शासनांत नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत लुब्धक व श्वगणी, म्हणजे पारधी व कुत्र्यांचे कळप बाळगणारे लोक, यांनीं अरण्यांतून फिरावें व चोर अगर शत्रु आल्याची सूचना द्यावी, असें सांगितलें आहे. यावरून कुत्रा हा राज्याच्या चाकरींत होता हें उघड आहे. पुढें शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचिलेल्या मानसोल्लासांत ‘सारमेयविनोद’ या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्र्यांकडून शिकार करविणें हा राजाच्या विनोदांपैकीं एक मानला जात असे. याच काळीं करवीर प्रांतावर चालुक्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. तेव्हां या भागांतील शिकारी कुत्र्याची परंपरा कारवानांबरोबर प्रथमच आली, असें मानण्याचें कारण नाहीं. नवें रक्त आलें असेल, परंतु कुत्र्यानें शिकार करण्याची विद्या येथें पूर्वींपासून होती.

(३)

मराठी राज्याच्या काळांत कुत्र्यास मिळालेल्या राजाश्रयाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सातारच्या शाहू छत्रपतींचें आहे. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत अशी हकीकत दिली आहे कीं, वाघाच्या शिकारींत ज्या कुत्र्यानें महाराजांचा जीव वांचविला, त्यास महाराजांनीं जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला. आणि एक मानकरी मोठ्या थाटानें भेटीस आला असतां या कुत्र्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर लेववून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. संगम माहुली येथें शाहूमहाराजांच्या समाधीच्या सान्निध्यांत ‘खंड्या’ नांवाच्या कुत्र्याचें जें स्मारक दाखवितात, तें याच कुत्र्याचें अशी परंपरा आहे.

दुसरें उदाहरण रायगडावरील ‘वाघ्या’चें. तेथील चौथऱ्यावरील पुतळा १९३६ सालीं बसविण्यांत आला व त्यास इंदूरच्या होळकरांचें साहाय्य होतें. शिवकालीन अस्सल साधनांत या कुत्र्याचा आधार दाखविला गेलेला नाहीं, आणि त्यामुळें पुतळा ठेवावा कीं काढावा हा वाद २०१२ सालीं व पुन्हां २०२५ सालीं उपस्थित झाला. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस येथें प्रयोजन नाहीं. एवढेंच नमूद करावयाचें कीं, स्मारक असलें म्हणजे दाखला असतो असें नाहीं. हाच नियम पुढें मुधोळच्या कुत्र्याच्या बाबतींत आपणांस उपयोगीं पडणार आहे.

खंड्याच्या सनदेपासून एक बोध मात्र निश्चित घेतां येतो. ती सनद ही कृपा होती. कृपा एका जनावरावर होते. त्याच्या जातीवर अगर त्याच्या पिलांवर ती पसरत नाहीं. खंड्यास पालखी मिळाली त्या दिवशीं साताऱ्याच्या पेठेंतील इतर कुत्र्यांच्या स्थितींत तिळमात्र फरक पडला नसेल. कृपेचा शेवट जेथें होतो, तेथें नियमाचा आरंभ व्हावयाचा असतो.

(४)

करवीर दरबाराकडे वळलें असतां राजर्षि शाहू छत्रपति (राज्यकाल १८९४ ते १९२२) व त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज (१९२२ ते १९४०) यांचा शिकारीचा नाद सर्वश्रुत आहे. येथील शिकारखान्याचें विशेष नांव झालें तें चित्त्यांमुळें. पाळीव चित्ता सोडून काळवीट धरविण्याची विद्या कोल्हापुरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जिवंत होती, आणि हिंदुस्थानांतील चित्ते दुर्मिळ झाल्यावर दरबारानें ते आफ्रिकेंतून आणविले. येथें पैदाशीचा एक मोठा मुद्दा आहे. त्या काळीं चित्ता पाळींत सहसा वीत नसे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत पाळींतल्या चित्त्यास पिलें झाल्याची गोष्ट अपूर्व म्हणून नोंदविली आहे. त्यामुळें चित्तेखान्यांतील प्रत्येक जनावर रानांतून धरून आणावें लागे. शतकानुशतकें हा उपसा चालला, गवताळ रानें नांगरलीं गेलीं, बंदुकीची शिकार वाढली, आणि १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

कुत्र्याची स्थिति याच्या उलट. कुत्री वर्षांतून बहुधा दोनदां माजावर येते. गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. एका वेतांत चार ते आठ पिलें सहज होतात. चित्त्याच्या बाबतींत मनुष्यास जन्म घडवितां आला नाहीं म्हणून जात गेली. कुत्र्याच्या बाबतींत जन्म आवरतां आला नाहीं म्हणून पिलें उकिरड्यावर गेलीं. शिकारखान्याच्या एकाच आवारांतील या दोन जनावरांचा इतिहास एकत्र वाचला म्हणजे पैदाशीचा प्रश्न दोन्ही बाजूंनीं स्पष्ट होतो.

आतां मुधोळचा कुत्रा. डोकें लांबट व अरुंद, छाती खोल, पोट आंत ओढलेलें, पाय लांब व सडपातळ, खांद्याशीं उंची सुमारें सव्वादोन फूट. सावजाचा पाठलाग तो वासापेक्षां नजरेनें अधिक करितो. कमी केसांच्या प्रकारास ‘कारवानी’ व कानांशेपटीवर लांब केस असलेल्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. इराण व मध्य आशिया यांकडील कारवानांबरोबर याचे पूर्वज दक्षिणेंत आले अशी परंपरा आहे, व शरीराची ठेवण पाहतां ती असंभाव्य दिसत नाहीं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं आसपासच्या बेरड लोकांजवळील शिकारी कुत्रे पाहून निवडक पैदास करविली, आणि विलायतेस गेले असतां कुत्र्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली, तेव्हांपासून ‘मुधोळचे कुत्रे’ हें नांव रूढ झालें, असें सांगतात. या नजराण्याचें साल कांहीं ठिकाणीं १९३७ असें छापिलेलें आढळतें, परंतु पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजींच वारले. तेव्हां तें साल चालावयाचें नाहीं. ते गादीवर आले १९१० सालीं. म्हणून ‘बादशहांस’ नजर केली हा शब्द खरा धरल्यास हा प्रसंग १९१० ते १९३५ च्या दरम्यानच बसविला पाहिजे.

मुधोळच्या घोरपड्यांचीं फर्मानें हा आमच्या वाचकांच्या परिचयाचा विषय आहे. त्या फर्मानांतील कोणतें अस्सल व कोणतें बनावट यावर संशोधकांनीं किती शाई खर्च केली, हें सांगणें नको. घराण्याच्या वंशावळीस जी कसोटी लाविली, तीच कुत्र्याच्या वंशावळीस लाविली पाहिजे. आज बाजारांत ‘अस्सल मुधोळ’ म्हणून जें पिलूं विकलें जातें, त्याच्या आईबापांचा कागद मागितला तर विकणाराच्या तोंडच्या कैफियतीपलीकडे बहुधा कांहीं निघत नाहीं.

(५)

इंग्रजी अमलानें कुत्र्याविषयीं केलेला पहिला ठळक निर्बंध जन्माविषयीं नसून मृत्यूविषयीं होता. मुंबईंत १८१३ च्या नियमानें उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची पोलिसांस मुभा मिळाली. १८३२ सालीं ही मुदत वाढविली गेली, आणि दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस असल्यामुळें शिपाई घराच्या ओट्यावरील पाळीव कुत्रीही ओढून नेऊं लागले. ६ जून १८३२ रोजीं फोर्ट भागांतील पारशी समाज खवळून उठला. हिंदु, जैन व मुसलमान व्यापारीही त्यांस मिळाले. दुकानें बंद झालीं, दुसऱ्या दिवशीं लष्कराची रसद अडली आणि अखेर फौज आणावी लागली. यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहांच्या घराण्यांतील मोतीचंद शेट यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली.

या प्रकरणांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, मेलेल्या कुत्र्यावर मोल ठेवलें म्हणजे शिपाई तेंच कुत्रें आधीं धरतो जें धरण्यास सोपें. पाळीव कुत्रें माणसास बुजत नाहीं म्हणून तें आधीं मरतें, आणि पिसाळलेलें किंवा रानवट कुत्रें निसटून राहतें. दुसरी अशी कीं, मारण्यानें जागा रिकामी होते, अन्न तसेंच राहतें, व राहिलेल्या कुत्र्यांचीं अधिक पिलें जगून ती जागा भरतात. मद्रास शहरानें एकोणिसाव्या शतकापासून हा उपाय चालविला व १९९६ सालीं तो निष्फळ म्हणून सोडून देऊन निर्बीजीकरणाचा मार्ग धरिला. कडकपणांत या निर्बंधांस कांहींच उणें नव्हतें. उणें होतें तें हें कीं, कोणतें कुत्रें कोणाचें, याची नोंद कोठेंही नव्हती.

खुद्द इंग्लंडांत वाट वेगळी पडली. तेथें १७९६ सालीं कुत्र्यांवर कर बसला, व पुढें चाललेला परवाना १९८७ सालीं रद्द झाला. १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन होऊन वंशावळीचें पुस्तक सुरू झालें. नोंदीचा फायदा तेथें झाला, पण नोंदीचा एक दोषही तेथेंच उघडा पडला. वंशावळ बंदिस्त ठेवून, केवळ रूपासाठीं, सगोत्र पैदास चालविल्यामुळें कांहीं जाती रोगट झाल्या. बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यास श्वास घेणें कठीण झालें. म्हणजे कागद पाहिजे, परंतु कागदाबरोबर जनावराच्या अंगची पारखही पाहिजे. मुधोळच्या जुन्या पैदाशींत ही पारख आपोआप होत असे, कारण जें कुत्रें धांवूं शकत नसे त्याचा शिकाऱ्यास उपयोग नसे.

(६)

८ मार्च १९४८ रोजीं मुधोळ व १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें. शिकारखान्यांचा आश्रय संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारच बंद झाली, व तें योग्यच झालें. मात्र तिच्याबरोबर या कुत्र्याचा परंपरागत धंदाही गेला. जात टिकली ती मुधोळच्या आसपासच्या खेड्यांतील, तसेंच आपल्याकडे सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांतील शेतकरी व धनगर कुटुंबांनीं राखणीसाठीं व हौसेसाठीं ती पाळली म्हणून. राजानें सोडलेलें जनावर रयतेनें सांभाळिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें कर्नाटकांतील पशुवैद्यकीय विद्यापीठानें मुधोळजवळ तिम्मापूर येथें या जातीसाठीं संशोधन केंद्र काढलें. ९ जानेवारी २००५ रोजीं टपाल खात्यानें तिचें तिकीट काढलें. आणि ऑगस्ट २०२० मध्यें पंतप्रधानांनीं आपल्या भाषणांत तिचें नांव घेतल्यावर पिलांची मागणी वाढली.

याच काळांत कायद्याचें पाऊल मृत्यूकडून जन्माकडे वळलें. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें कुत्र्यास विषारी सुई टोंचून क्रूरपणें मारणें हा गुन्हा ठरविला, तरी मोकाट कुत्रीं ठरविलेल्या रीतीनें नष्ट करण्याची मोकळीक ठेविली होती. २००१ च्या नियमांनीं रस्त्यावरील कुत्र्यास धरावें, निर्बीज करावें, रेबीजची लस टोंचावी व जेथून धरलें तेथेंच सोडावें, अशी पद्धत घालून दिली. २०२३ च्या नियमांनीं ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर अधिक स्पष्टपणें टाकिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व आसपासचीं मोकाट कुत्रीं धरून आश्रयस्थानांत ठेवण्याचा व परत न सोडण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्ट रोजीं तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रीं खेरीजकरून बाकीचीं निर्बीजीकरण व लसीकरणानंतर परत सोडावींत, असें ठरविलें.

२०१७ चे नियम पैदास करणाऱ्यासाठीं आहेत. त्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री १८ महिन्यांची झाल्याखेरीज तिच्यापासून पैदास करूं नये. वर्षांत एकाहून अधिक वेत घेऊं नये. तिच्या उभ्या आयुष्यांत पांचांहून अधिक वेतें घेऊं नयेत. ८ वर्षांनंतर तिला मोकळें करावें. पिलूं ८ आठवड्यांचें होईपर्यंत विकूं नये. जनावरास मायक्रोचिप बसवावी. जन्म, विक्री व मृत्यु यांच्या वह्या ठेवाव्यात. या आंकड्यांचा अर्थ थोड्या हिशोबानें कळतो. १८ महिन्यांपासून ८ वर्षांपर्यंत साडेसहा वर्षें होतात. वर्षास दोन माज धरल्यास कुत्रीस सुमारें तेरा वेळां गाभण करणें शक्य आहे. हांवरा विक्रेता तेरा वेळां करीलही. नियमानें तो आंकडा पांचावर आणिला. मातेचें दूध व भावंडांचा सहवास ८ आठवडे मिळाला म्हणजे पिलूं दगावण्याचें व पुढें भित्रें किंवा चावरें होण्याचें भय कमी होतें. जनावराच्या कल्याणाच्या दृष्टीनें हे नियम आम्हांस सर्वथा योग्य वाटतात.

(७)

तथापि हे नियम मोकाट कुत्र्यांची संख्या कमी करितील काय? आमच्या मतें, एकटे हे नियम तें काम करूं शकत नाहींत. कोल्हापूरच्या एखाद्या मंडईमागील कुत्री कोणा नोंदणीकृत पैदासकाराच्या वाड्यांतून आलेली नसते. तिची आई त्याच गल्लींत व्याली होती. तिचें पोषण मंडईंतला कचरा करितो, आणि तिच्या पिलांचा बाप पुष्कळ वेळां कोणाच्या तरी दारचा, रात्रीं मोकळा सोडलेला कुत्रा असतो. २०१७ च्या नियमांचा हात या तिघांपैकीं कोणापर्यंतही पोंचत नाहीं. २०१२ च्या पशुगणनेंत देशांत मोकाट कुत्रीं सुमारें १ कोटी ७१ लक्ष होतीं व २०१९ च्या गणनेंत सुमारें १ कोटी ५३ लक्ष. हा उतार पैदाशीच्या निर्बंधाचें फळ म्हणून दाखविणें बरोबर होणार नाहीं, कारण दुसऱ्या गणनेच्या वेळीं त्या नियमांस जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं.

पाळीव व मोकाट हे दोन प्रवाह ज्या ठिकाणीं मिळतात, तें ठिकाण म्हणजे टाकून देणें. हौसेनें घेतलेलें पिलूं मोठें झालें, आजारी पडलें, किंवा त्याचा खर्च झेपेनासा झाला कीं मालक त्यास गांवाबाहेर सोडून येतो. येथें नियमाचा खरा उपयोग आहे. कारण मायक्रोचिप व विक्रीची वही असेल तर टाकलेल्या जनावराच्या मालकाचा माग लागतो. परंतु तो माग लावण्यास वही कोणीतरी उघडली पाहिजे, आणि एका गांवची वही दुसऱ्या गांवच्या अधिकाऱ्यास वाचतां आली पाहिजे.

निव्वळ बंदी काय साधते याचेंही ताजें उदाहरण आहे. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें २३ जातींच्या कुत्र्यांस धोकादायक ठरवून त्यांच्या पैदाशीस व विक्रीस परवाने देऊं नयेत व असलेल्यांचें निर्बीजीकरण करावें असें राज्यांस कळविलें. संबंधितांचें म्हणणें न ऐकतां हें झालें म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानें १० एप्रिल २०२४ रोजीं तें परिपत्रक रद्द केलें. महिना पुरा होण्यापूर्वींच एक कडक हुकूम निकालांत निघाला. दरम्यानच्या काळांत अशा जातींचीं कुत्रीं बाळगणाऱ्यांच्या मनांत जी धास्ती उत्पन्न होते, तिचा भार अखेर त्या मुक्या जनावरांवर पडतो, कारण भ्यालेल्या मालकास तें टाकून देणें हाच सोपा मार्ग वाटतो.

मुधोळच्या बाबतींत निर्बंधाची धार दुहेरी आहे. चार कुत्र्या बाळगणारा खेड्यांतला शेतकरी हाही नियमाच्या दृष्टीनें पैदासकारच ठरतो. अर्ज, तपासणी, वह्या व फी यांचें ओझें शहरांतील मोठा विक्रेता सहज उचलतो. खेडुतास तें जड जातें. तो पैदास बंद करील, किंवा नोंद न करितां चालवील. बंद केली तर जातीचें रक्त थोड्या घरांत कोंडलें जाऊन सगोत्र पैदास वाढेल. चोरून केली तर वंशावळ पुन्हां कैफियतीवर येईल. ज्या रयतेनें ही जात राजाच्या पश्चात् जगविली, तिलाच निर्बंधानें बाहेर ढकलणें हें जनावराच्या हिताचें नाहीं. नोंदणी खेडुताच्या दारापर्यंत गेली पाहिजे, अल्प खर्चाची पाहिजे, आणि पशुवैद्यानें ती स्वतः लिहून घेतली पाहिजे. सवलत द्यावयाची ती कागद लिहिण्याच्या कष्टांत द्यावी. कुत्रीच्या वयांत व वेतांच्या संख्येंत देऊं नये.

नोंदीनें काय साधतें, याचा दाखला जवळच्या गोव्याचा आहे. तेथें २०१४ पासून रेबीजविरुद्ध मोहीम चालली. दरसाल घरोघर व गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांस लस टोंचावयाची, आणि टोंचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद जागच्या जागीं मोबाइलवर करावयाची, अशी तिची रीत होती. सुमारें ७० टक्के कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची सांखळी तुटते, हा सिद्धान्त. कोणत्या वाड्यावर आंकडा कमी पडला हें त्या नोंदीवरून त्याच दिवशीं दिसे, व दुसऱ्या दिवशीं माणसें तेथें पाठविलीं जात. २०१८ पासून तेथें मनुष्य रेबीजनें दगावला नाहीं असें नमूद होऊन २०२१ सालीं गोवा हें रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें. या यशांत बंदीचा अगर शिक्षेचा भाग थोडा, आणि वहीचा भाग मोठा आहे. निर्बीजीकरणाचें कामही याच रीतीनें चाललें पाहिजे. गल्लींतील दहा कुत्र्यांपैकीं तीन निर्बीज करून थांबल्यास उरलेल्या सातांचीं पिलें वर्षभरांत ती गल्ली पुन्हां भरून काढतात.

(८)

आतांपर्यंतच्या विवेचनाचें तात्पर्य असें. अशोकाचें शासन शिळेवर राहिलें, पण तें पाळलें गेलें कीं नाहीं याचें दप्तर राहिलें नाहीं. खंड्याची सनद ही एका कुत्र्यावरील कृपा होती. १८३२ चा हुकूम अति कडक असून फसला, कारण त्यास पाळीव व मोकाट ओळखण्याचें साधन नव्हतें. २०१७ चे नियम मातेच्या व पिलाच्या कल्याणास निःसंशय पोषक आहेत, परंतु रस्त्यावरील संख्येचा प्रश्न ते एकटे सोडवीत नाहींत. त्यास २०२३ च्या नियमांप्रमाणें चिकाटीचें निर्बीजीकरण, कचऱ्याची व्यवस्था आणि पाळीव कुत्रा रात्रीं मोकळा न सोडण्याची शिस्त यांची जोड पाहिजे. कायद्याची शक्ति त्याच्या शिक्षेइतकीच त्याच्या दप्तरांतही असते, हें जुन्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या मंडळींस निराळें सांगावयास नको.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. करवीर, मुधोळ, सांगली, मिरज, जमखिंडी, इचलकरंजी वगैरे संस्थानांच्या खासगी खात्यांतील शिकारखान्याचे जमाखर्च, कुत्र्यांच्या खुराकाच्या यादी, डुरियांच्या पगाराच्या याद्या, पिलें कोणास दिलीं याचीं टिपणें, शिकारीचीं छायाचित्रें व त्यांच्या पाठीवरील मजकूर, असें जें जें कोणाच्या संग्रहीं असेल, तें क्षुल्लक समजून रद्दींत जाऊं देऊं नये. फर्मानास मान मिळतो, सनदेस किंमत येते. शेरभर पिठाची नोंद असलेला कागद मात्र वाणी पुडीसाठीं नेतो. मुधोळच्या कुत्र्याची अस्सल वंशावळ जर कधीं मांडली गेली, तर ती अशाच कागदांवरून मांडली जाईल, आणि दरबार आपल्या वाढलेल्या पिलांचें काय करीत असे हें कळण्याचा मार्गही तोच आहे. जुन्या कारकुनानें कुत्र्यास विसरावें याचें फारसें नवल नाहीं. त्यानें चुकून जें लिहून ठेविलें तें आपण हरवूं नये, आणि आज जीं जन्मत आहेत त्यांची नोंद करण्यास आपण चुकूं नये, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करितों.